शाल-श्रीफळ राहू द्या, आधी शेरेबुक उघडा

प्रश्न असा आला आहे: "पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो. तालुक्यात दीडशेच्या आसपास शाळा आहेत. चांगलं काम करणाऱ्यांची दखल घ्यावी आणि कार्यालयाच्या बातम्या सगळ्यांपर्यंत पोहोचाव्यात, म्हणून मासिक वार्तापत्र काढायचं मनात आहे. दरमहा एक उत्कृष्ट शिक्षक निवडावा का? सुरुवात कुठून करू?"

सर, महिन्याचा उत्कृष्ट शिक्षक हा विचार सोडून द्या. वार्तापत्राचा मात्र सोडू नका.

मी सहशिक्षिका म्हणून नोकरीला लागले, पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची प्रमुख झाले, मग विस्तार अधिकारी, आणि शेवटची दोन वर्षं तुमच्याच खुर्चीचा प्रभारी कार्यभार सांभाळला. हे दोन्ही प्रकार मी करून पाहिले आहेत. उत्कृष्ट शिक्षकाची योजना चार महिन्यांत आटोपली. पहिल्या महिन्यात खरोखर चांगले गुरुजी निवडले. दुसऱ्या महिन्यात 'समतोल' म्हणून दुसऱ्या संघटनेतले निवडावे लागले. तिसऱ्या महिन्यात "आमच्या केंद्राला अजून मिळालं नाही" सुरू झालं. चौथ्या महिन्यात ज्यांचं नाव आलं तेच मला म्हणाले, "मॅडम, माझं नाव काढा. शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) सगळे मला 'या उत्कृष्ट' म्हणून हाक मारतील." मी नाव काढलं आणि योजनाही गुंडाळली.

त्यानंतर मी एकच कसोटी ठेवली. कौतुकाचा मजकूर वाचून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला वाटतं का, की ज्याचं कौतुक झालं त्याला फोन करावा? वाटत असेल तर छापायचं, नाहीतर तोंडी 'छान' म्हणून सोडून द्यायचं.

उदाहरण देते. "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा अमुक येथील श्रीयुत तमुक सर यांचे उल्लेखनीय कार्याबद्दल हार्दिक अभिनंदन." हे वाचून कोण कोणाला फोन करेल? उल्लेखनीय म्हणायचं आणि उल्लेख मात्र कशाचाच नाही. आता हे पाहा. एका वस्तीवरच्या शाळेतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास बरीच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जात. तिथल्या बाईंनी एका वर्षी दसऱ्यालाच घरोघर जाऊन कोणतं कुटुंब कोणत्या कारखान्यावर जाणार आणि मुकादम कोण, हे वहीत लिहून घेतलं. जाणाऱ्या मुलांच्या हातात शिक्षण हमी पत्रक (जे दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) दिलं आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच फोन करून ठेवला. सहा मुलं आजीजवळ गावातच राहिली, पाच तिकडच्या शाळेत बसली, दोघांचा पत्ता लागला नाही. आम्ही हे जसंच्या तसं छापलं, पत्ता न लागलेल्या दोघांसकट. आमचे एक सहकारी म्हणाले, ते दोघं गाळा, उगाच वरून विचारणा होईल. पण ते दोघं होते म्हणूनच बाकीच्या शिक्षकांचा त्या बातमीवर विश्वास बसला. आठवड्याभरात बाईंना पाच फोन आले. त्यातले तीन फक्त 'वहीत रकाने कोणते केले' एवढंच विचारायला होते. त्या पाच फोनांनी बाईंना जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे मिळालेल्या तालुका पुरस्कारानं झाला नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

अशा बातम्या मिळतात कुठून, हा खरा प्रश्न. परिपत्रक काढून 'आपल्या शाळेतील नावीन्यपूर्ण उपक्रमांची माहिती सोबतच्या प्रपत्रात दोन प्रतींत सादर करावी' असं मागवाल, तर वृक्षारोपण, प्रभातफेरी आणि हळदीकुंकू यांचे दीडशे अहवाल येतील. ज्यांना प्रपत्र भरायला आवडतं तेच पुन्हा पुन्हा दिसतील. काम करणारी निम्मी माणसं लिहीत नाहीत आणि मागायला तर अजिबात येत नाहीत.

बातमीची खाण शेरेबुकात असते. तुम्ही स्वतः, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख दर महिन्याला शाळांना भेटी देता, आणि प्रत्येक भेटीचा शेरा शाळेच्या शेरेबुकात लिहिला जातो. कोणत्याही शाळेचं शेरेबुक उघडून मागची दहा पानं वाचा. "आज शाळेस भेट दिली. पट अमुक, उपस्थिती तमुक. परिसर स्वच्छ. शालेय पोषण आहार नियमित. अध्यापन समाधानकारक. सूचना दिल्या." दहा वर्षांपूर्वीचा शेरा आणि कालचा शेरा यात तारखेपलीकडे फरक नसतो. मीसुद्धा कित्येक वर्षं असंच लिहिलं. एकदा एका दुर्गम शाळेत तरुण शिक्षक म्हणाला, "मॅडम, तुम्ही मागच्या वेळीही हेच लिहिलंय, फक्त पट बदललाय." त्याचा स्वर तक्रारीचा नव्हता, तो खरंच हसत होता. मला मात्र जीपमध्ये बसल्यावर चैन पडेना.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःला नियम घातला. प्रत्येक शेऱ्यात किमान दोन ओळी अशा हव्यात ज्या फक्त त्याच शाळेबद्दल, त्याच दिवशी लिहिता येतील. "इयत्ता दुसरीतली मुलं वजाबाकीची गोष्ट स्वतः तयार करतात. 'माझ्याकडे पंधरा बोरं होती, भावाने सात खाल्ली' अशी. एकाही मुलाने उत्तर पाठ केलेलं दिसलं नाही." एवढंच. अशा ओळी लिहायच्या तर वर्गात निदान अर्धा तास बसावं लागतं, म्हणजे भेटीची पद्धतच बदलते. केंद्रप्रमुखांनाही हेच सांगा, पण आधी सहा महिने स्वतः करा. वरच्याने न करता खाली सांगितलेल्या गोष्टीचं काय होतं ते आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको.

मग महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या शेऱ्यांतल्या त्या दोन-दोन ओळी एकत्र करा. निम्मं वार्तापत्र तयार झालं. प्रपत्र नाही, दोन प्रती नाहीत, आणि बातमी डोळ्यांनी पाहिलेली.

या दोन ओळींचा दुसरा उपयोग पत्रासाठी. ज्या कामाने तुम्ही खरोखर थांबलात, त्याबद्दल त्या शिक्षकाला कार्यालयाच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र पाठवा. जावक क्रमांक घालून, सहीनिशी, आणि एक प्रत त्यांच्या वैयक्तिक नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये. जावक क्रमांकाला हसू नका. आपल्याकडे जावक क्रमांक असलेलं पत्र शिक्षकाच्या हातात पडतं ते बहुधा खुलासा मागणारं. शिपायाने पाकीट दिलं की पोटात गोळा येतो. त्याच पाकिटातून एकदा 'तुमच्या वर्गात मी हे पाहिलं' असं निघालं, तर ते पत्र कुठे जातं माहीत आहे? घरच्या कपाटात, सेवापुस्तकाच्या झेरॉक्सशेजारी. महिन्याला चार-पाचपेक्षा जास्त पत्रं काढू नका, आणि मजकूर कधीही लिपिकाकडून 'मागच्यासारखा' टाइप करून घेऊ नका.

आता माझी चूक सांगते, ती तुमची होऊ नये म्हणून. वार्तापत्राच्या दुसऱ्याच अंकात आम्ही एका द्विशिक्षकी शाळेची बातमी घेतली. मुलींची उपस्थिती पावसाळ्यातही टिकली होती आणि आम्ही मुख्याध्यापकांचं नाव छापलं. अंक पोहोचल्यावर त्या शाळेतल्या सहशिक्षिकेने माझ्याशी बोलणं टाकलं. कारण नंतर कळलं. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या मुलींना आणायला त्या आणि स्वयंपाकी मावशी जात, मुख्याध्यापक त्या वेळी कार्यालयात आमचीच माहिती भरत बसलेले. मुख्याध्यापकांनी श्रेय चोरलं नव्हतं. मी फोनवर त्यांनाच विचारलं आणि दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, दोघींची नावं घेऊन, आणि चूक कार्यालयाची आहे असं स्पष्ट लिहून. तेव्हापासून प्रत्येक बातमीला एक प्रश्न ठरलेला: 'यात अजून कोण होतं?' हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा आणखी एखादं नाव निघतं, आणि ते स्वयंपाकी-मदतनीस, अंगणवाडीताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आजोबांचं असतं.

'कर्मचारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त शिक्षक येतात. तुमच्या कार्यालयाच्या दाराआत बसणाऱ्यांचं काय? आमच्याकडे एक वरिष्ठ सहायक होते. पेन्शनची प्रकरणं त्यांच्या टेबलावर. त्यांनी एक साधी गोष्ट केली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्यांची यादी काढून ते स्वतःच फोन करत, 'गुरुजी, सेवापुस्तक पडताळणीला आणा, या या नोंदी अपुऱ्या आहेत'. पूर्वी निवृत्त झालेला माणूस आठ-दहा महिने हेलपाटे मारायचा. त्या वर्षी बहुतेकांचं प्रकरण निवृत्तीआधीच पुढे गेलं होतं. आम्ही ही बातमी पहिल्या पानावर, उपक्रमशील शाळेच्या वर घेतली. सत्कार केला नाही, त्यांना तो नकोच होता. पण तो अंक त्यांनी टेबलाच्या काचेखाली घातला, आणि मी निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. शेजारच्या टेबलावरच्या कनिष्ठ सहायकाने मग वैद्यकीय देयकांसाठी तशीच यादी केली, कोणी न सांगता.

करारावरच्या लोकांबद्दल मात्र जपून. 'समग्र शिक्षा' या शासकीय योजनेतले विषय साधन व्यक्ती (शिक्षकांना विषयवार मदत करणारे), विशेष शिक्षक, डेटा एन्ट्रीवाले यांचं मानधन कधी वेळेवर येतं, कधी नाही. एका विशेष शिक्षिकेला आम्ही मोठ्या प्रेमाने प्रमाणपत्र दिलं. घरी राहणाऱ्या दिव्यांग मुलांकडे ती बसने, कधी चालत जायची. प्रमाणपत्र घेताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, याऐवजी प्रवासभत्त्याचं बिल निघालं असतं तर." सात महिन्यांचं बिल आमच्याच कार्यालयात पडलेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ते बिल काढलं, पण प्रमाणपत्राची शोभा गेली ती गेलीच. कोणाचंही कौतुक करण्याआधी त्याचं आपल्याकडे काय थकलंय ते पाहून घ्या.

यावरूनच वार्तापत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येते. शिक्षक तुमचं पत्रक का उघडतील? कौतुक वाचायला नाही, निदान सुरुवातीला नाही. ते उघडतील स्वतःच्या प्रकरणासाठी. बारा वर्षं झालेल्याला वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षं झालेल्याला निवडश्रेणी, कोणाची जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) अग्रिमाची मागणी, कोणाचं फरकाचं बिल. हे कुठे अडलंय हे कळायला आज काय करावं लागतं? शाळा सोडून तालुक्याला यावं लागतं, नाहीतर कोणाच्या तरी ओळखीने फोन. आम्ही 'प्रकरण कुठे आहे' असं सदर केलं. नावं नाहीत, फक्त विषय, आलेली प्रकरणं, जिल्हा परिषदेकडे गेलेली, त्रुटीसाठी परत आलेली, आणि त्रुटी नेमकी कोणती. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं सदर हेच होतं. कार्यालयातली गर्दी कमी झाली आणि त्रुटीही कमी झाल्या, कारण लोक छापलेली त्रुटी वाचून आधीच कागद पूर्ण करून आणू लागले. आणि जो या सदरासाठी अंक उघडतो तो पान उलटताना ओढ्यापलीकडच्या मुलींची बातमीही वाचतो.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण खरा घोळ तिथेच आहे. मुख्याध्यापकांचा एकच ग्रुप असतो. त्यावर सकाळी अकराला 'आज दुपारी दोनपर्यंत तात्काळ माहिती' येते, साडेअकराला कोणाचा तरी वाढदिवस निघतो, आणि मग फुलांचे गुच्छ, जोडलेले हात, 'हार्दिक अभिनंदन सर' दीडशे वेळा. तात्काळ माहिती त्या गुच्छांखाली गाडली जाते. दोन वाजता ठळक अक्षरांत 'माहिती न दिलेल्या शाळा' अशी यादी. म्हणजे एकाच खिडकीतून कौतुक आणि खरडपट्टी. शिक्षक तो ग्रुप उघडतो तेव्हा हात थरथरतो, आणि पुढे म्यूट करून टाकतो. दोन ग्रुप करा. एक फक्त आदेशांचा, ज्यावर फक्त कार्यालय लिहील. दुसरा बातम्यांचा, आठवड्यातून एकदाच, शनिवारी शाळा सुटल्यावर, एक बातमी आणि एक फोटो. थकबाकीदार शाळांची यादी या दुसऱ्या ग्रुपवर कधीही नको. खरं तर कुठल्याच ग्रुपवर नको, त्या मुख्याध्यापकाला सरळ फोन करा.

पुरस्कारांचं म्हणाल तर ते राहणारच, आणि तुमच्या हातात फार नसणार. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहे. २०१८ पासून शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायची पद्धत आली. हेतू चांगला, वशिल्याची साखळी तुटली. पण स्वतःबद्दल लिहायला ज्याला संकोच वाटतो, ज्याने कात्रणं जपली नाहीत, तो मागे राहतो. आपल्या भागात 'फाईल करणारे' आणि 'काम करणारे' अशा दोन जाती आहेत, दोन्हीत बसणारी माणसं थोडी. इथे तुमचं शेरेबुक आणि ती जावक क्रमांकाची पत्रं कामाला येतात. काम करणाऱ्याची फाईल कार्यालय नकळत तयार करत असतं. अर्जाची वेळ आली की अशा दोघातिघांना बोलावून घ्या, चहा पाजा, आणि भरायला बसवा.

पुरस्काराने काम पसरतं असंही नाही, बऱ्याचदा आधी काम पसरतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पण त्यांच्या कल्पनेतले क्यूआर कोड त्याआधीच आपल्या पाठ्यपुस्तकांवर आले होते. (दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांत वाटून टाकली, हेही मुलांना सांगण्यासारखं.) सातारा तालुक्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) आठवा. प्रतिभा भराडे तिथे विस्तार अधिकारी होत्या, ज्ञानरचनावादी पद्धतीचं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या पद्धतीचं काम त्या बीटमधल्या शाळांनी उभं केलं, आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला जात. आम्हीही आमच्या तालुक्यातून गेलो होतो. फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर पहिलीची मुलं कोणी न सांगता बसून काम करत होती. परतताना गाडीत जो वाद झाला तो दहा प्रशिक्षणांत झाला नव्हता. एखाद्या शिक्षकासाठी 'तुमचा वर्ग पाहायला आम्ही येतो' याच्याइतकी मोठी दखल मी पाहिलेली नाही. तालुक्यातल्या तालुक्यात हे बिनखर्ची जमतं. केंद्राची पुढची शिक्षण परिषद त्या शाळेत ठेवा आणि भाषणांऐवजी पहिला तास वर्गात बसा.

आकड्यांच्या कौतुकाला मात्र सांभाळा. २०१५ सालच्या जूनमध्ये प्रत्येक मूल शिकावं यासाठी राज्याचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शाळा प्रगत झाल्याच्या याद्या मीही उत्साहाने लावल्या. यादी लागली की शेजारच्या शाळेला घाई होते, आणि घाईत मुलं वाचायला शिकत नाहीत, फक्त तक्ते वाचायला शिकतात. 'शंभर टक्के' हा शब्द आमच्या पत्रकातून मी पुढे काढूनच टाकला. त्याऐवजी 'एप्रिलमध्ये वाचता न येणारी नऊ मुलं होती, डिसेंबरात तीन आहेत, त्या तिघांसाठी काय चाललंय' असं लिहून घेत असे.

बाहेरच्या पुरस्कारांबद्दल एक धोक्याची सूचना. 'राज्यस्तरीय आदर्श गुणवंत' असं मोठं नाव आणि 'नोंदणी शुल्क' अशी छोटी ओळ, ही पत्रं शिक्षकांना सतत येतात. पैसे भरून घेतलेल्या पुरस्काराचा फोटो तुमच्या वार्तापत्रात एकदा आला की मग कोणालाच नाही म्हणता येणार नाही. पहिल्याच अंकात लिहून टाका की खात्याबाहेरचे पुरस्कार इथे छापले जाणार नाहीत. थोडी नाराजी होईल, ती सोसा.

मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांबाबत पालकांची संमती सांगितलेली आहेच, पण कायदा नसता तरी दिव्यांग मुलाचा, आईवडील गमावलेल्या मुलाचा, मोफत गणवेश घेणाऱ्या मुलीचा चेहरा दाखवून आपण कोणाचं कौतुक करतोय हा प्रश्न पडायलाच हवा. शिक्षकाचे हात, फळा, मुलांची वही असे फोटो घ्या.

लिहिणारा निवडताना नीट अक्षर पाहू नका, विचारायला न लाजणारा निवडा. आमच्याकडे एक साधन व्यक्ती होती, ती प्रत्येक बातमीवर 'म्हणजे नेमकं काय केलं?' असं तीनदा विचारायची. लोक वैतागायचे, पण अंक तिच्यामुळेच वाचनीय झाला. दोन पानं, पाठपोट, पुरे. मोबाइलवर पाठवाच, शिवाय प्रत्येक शाळेला एक छापील प्रत द्या, कारण ती फलकावर लागते आणि गावातले पालकही वाचतात. चांगलं साधलेलं टिपण पुण्याहून निघणाऱ्या 'जीवन शिक्षण' मासिकाकडेही धाडा. शिक्षकांसाठी नियतकालिक काढायची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर 'शालापत्रक' चालवत होते, आणि त्यातल्या टीकेमुळे सरकारची खप्पामर्जी होऊन ते १८७५ साली बंद पडलं. तुमचं वार्तापत्र तेवढं तिखट होणार नाही, पण महिन्यातून एखादं शिक्षकाचं तक्रारवजा पत्र आणि त्याखाली कार्यालयाचं उत्तर छापायला हरकत नाही. आम्ही छापत होतो. पहिलं पत्र 'मुख्याध्यापक सभेत पिण्याचं पाणी नसतं' असं होतं. पुढच्या सभेला दोन जार आले.

शेवटी, पहिल्या पानावर गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोटो आणि मनोगत हवं, असं कार्यालयातलं कोणीतरी पहिल्याच बैठकीत सुचवेल. नको म्हणा. त्या जागेत कोणत्या कामासाठी कोणत्या टेबलाला फोन करायचा, ते नंबर टाका.